चौथी आलेली बाई आणि आमच्या आक्का

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा फोटो अमेरिकेतल्या एका वाचनालयाच्या भिंतीवर लावलेला आहे. हे मी तेलगावच्या बाजारात सांगितलं, माहेरी अंबाजोगाईला सांगितलं, नात्यातल्या दोन लग्नांत सांगितलं. दर वेळी लोकांनी आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहिलं. म्हणून झालं ते एकदा नीट लिहून काढते.

माझी लेक आणि जावई तिकडे एका टाउनशिपमध्ये राहतात. टाउनशिप म्हटलं की मला आपल्याकडची, पुढे कमान आणि पहारेकरी असलेली बंगल्यांची कॉलनी आठवायची. तसं ते नाही. मोठ्या शहराच्या कडेला झाडीत विखुरलेली घरं, आणि त्या सगळ्यांची मिळून एक ग्रामपंचायतच म्हणा. त्यांची शाळा वेगळी, बाग वेगळी, आग विझवायची गाडी वेगळी आणि वाचनालयही वेगळं. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे चार महिने राहिले. आमच्या ह्यांनी यायला साफ नकार दिला. "तेवढा वेळ विमानात बसण्यापेक्षा मी उसाला पाणी देईन," म्हणाले, आणि खरंच दिलं.

लेक-जावई कामावर गेले की घर अंगावर यायचं. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, गप्प बसायची सवय नाही. दोन गल्ल्या सोडून वाचनालय होतं, तिथे जायला लागले. पुस्तकं इंग्रजी, ती मला बेताचीच कळायची. पण आत गार असायचं आणि खुर्च्या मऊ होत्या. तिथल्या ग्रंथपालबाई माझ्याच वयाच्या. त्यांचे केस पांढरेशुभ्र आणि चष्मा दोरीने गळ्यात लोंबकळत असे. त्या माझ्याशी सावकाश बोलायच्या, मी माझ्या तुटक्या इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि आमचं छान जमलं.

वाचनालयाच्या एका लांब भिंतीवर फोटो होते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : आपल्या टाउनशिपची नामवंत माणसं. एक बेसबॉल खेळणारा, एक न्यायाधीश, मुलांसाठी चित्रं काढणारा एक गृहस्थ, तुतारीसारखं वाद्य वाजवणारा एक काळासावळा हसरा माणूस, शेवाळाचा अभ्यास करणारी एक शास्त्रज्ञ बाई. शेवाळाचा अभ्यास करून माणूस भिंतीवर जातो हे पाहून मला फार बरं वाटलं होतं. आमच्याकडे भिंतीवर जायचं तर आमदार तरी व्हावं लागतं, नाहीतर मरावं तरी लागतं.

त्यांत एक फोटो जुना, काळा-पांढरा. डोक्याला घट्ट रबरी टोपी घातलेली एक तरुण पोरगी, अंगावरून पाणी निथळतंय, पुढच्या दोन दातांत फट, आणि तोंडभर हसू. मी विचारलं तेव्हा ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ही आमची पोहणारी. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत आमच्या देशाकडून गेली होती."

"पहिली आली?"

"चौथी."

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. मी चार बोटं वर केली. त्यांनीही चार बोटं वर केली आणि हसल्या. "पदक नाही मिळालं. पण आमच्या इथून तिथपर्यंत पोचलेली ती एकटीच."

मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिले. ते हसू मी कुठेतरी पाहिलं होतं. घरी जाताना वाटेत लक्षात आलं, आक्का विहिरीतून डोकं वर काढतात तेव्हा अशाच हसतात.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या गोदाकाठच्या, आमच्याकडे म्हणतात तशा गंगथडीच्या. त्या गावातल्या पोरी चालायच्या आधी पोहतात असं आक्का सांगतात आणि ते फारसं खोटं नसावं. आमच्या गावात मात्र बाईमाणूस पाण्यात उतरणं ही गोष्ट नव्हती. बायका विहिरीवर जायच्या, पाणी शेंदायच्या, धुणं धुवायच्या आणि त्याच पाण्याला आयुष्यभर भिऊन असायच्या.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. आमच्या मळ्यातली विहीर मोठी आहे, सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोल, आत उतरायला दगडी पायऱ्या. शेजारच्या शेतातली एक दहा वर्षांची पोरगी घागर भरायला उतरली आणि शेवाळावरून घसरली. काठावर आम्ही चार-पाच जणी. सगळ्या ओरडत होतो. मी तर पदर तोंडात कोंबून उभी होते. आक्का तेव्हा वांगी तोडत होत्या. त्या पळत आल्या, काही विचारलं नाही, नऊवारीसकट वरून उडी टाकली आणि पोरीची वेणी धरून तिला पायरीपर्यंत ओढत आणलं. पोरगी पाणी ओकली, रडली, आणि सगळं ठीक झालं.

त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून आक्का म्हणाल्या, "आज मी मळ्यात व्हते म्हणून. उद्या नसले तर? ह्या गावातल्या समद्या पोरींना पवायला आलं पायजे."

सासरे बाहेरून म्हणाले, "कावून? पोरींना काय हिरीत नांदायला धाडायचंय?"

"न्हाई मामंजी. पर पडायला तर धाडतोच की."

सासरे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यांनी तुपाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे आणले, तोंडं पक्की बंद करून. अंगणात ठेवले आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "पाठीला बांधायला." तेवढंच.

आक्कांची पहिली शिष्या मी. बावीस वर्षांची, अंबाजोगाईच्या मास्तरांची लेक, बादलीपलीकडे पाणी न पाहिलेली. आम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्याचे जुने पायजमे आणि सदरे घातले. पहिल्याच दिवशी मी घाबरून आक्कांच्या गळ्याला अशी मिठी मारली की आम्ही दोघी डब्यासकट खाली गेलो. वर आल्यावर खोकत खोकत त्या म्हणाल्या, "मला कशाला धरतीस गं? पाण्याला धर." पाण्याला कसं धरायचं ते मला आठ दिवस कळलं नाही. नवव्या दिवशी कळलं, आणि ते अजूनही कोणाला सांगता येणार नाही.

मग पोरी यायला लागल्या. गावातल्या पुरुषांची कुरकुर होती, त्यावर आक्कांनी उपाय काढला. विहिरीच्या वाटेवर कडुनिंब आहे, त्याच्या फांदीला लाल लुगडं बांधायचं. लुगडं दिसलं की बायका पाण्यात आहेत, पुरुषांनी मागं फिरायचं. एकदा एक जण तरीही पुढे आला, तर आक्कांनी विहिरीतूनच त्याच्या आईला हाक मारली. पुन्हा कोणी आलं नाही. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. डबे पत्र्याचे गेले, प्लास्टिकचे कॅन आले. पायजम्यांच्या जागी पोरींच्या लेगिंग आल्या. कालव्याचं पाणी आल्यापासून विहीर मे महिन्यातही अर्धी भरलेली असते. आमच्या गावात अशी एक लेक नाही जिला पोहता येत नाही. सासरी गेलेल्या पोरी उन्हाळ्यात आपल्या पोरी घेऊन येतात.

पण ह्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला नाही, गावाला नाही, आणि आक्कांना तर नाहीच.

वाचनालयात दरवर्षी एक महिना वेगळं प्रदर्शन असतं. त्या टाउनशिपमध्ये बाहेरून येऊन राहिलेली कुटुंबं पुष्कळ. प्रत्येकाने आपल्या मूळ गावातल्या एका नामवंत माणसाचा फोटो आणि दोन ओळी आणून द्यायच्या. ग्रंथपालबाईंनी मला विचारलं, "तुमच्या गावातून कोण?"

लेकीने त्या रात्री जेवताना यादी सुरू केली. बीड जिल्ह्यातले पुढारी, कोणी मंत्री, अंबाजोगाईचे कोणी मोठे डॉक्टर. मी म्हणाले, "गावातलं म्हणाल्यात त्या, जिल्ह्यातलं नाही. मला आक्कांचा द्यायचाय."

लेकीचा चमचा हवेत राहिला. "मोठ्या आईचा?"

"तुला पोहायला कोणी शिकवलं?"

"मोठ्या आईनं."

"मग?"

ती हसायला लागली, आणि जेवण तसंच टाकून तिने माझ्या पुतण्याला फोन लावला. आक्कांचा हा मुलगा शेती बघतो आणि मोबाइलवर फोटोही चांगले काढतो. त्याने तासाभरात एक फोटो पाठवला. विहिरीच्या पायरीवर आक्का बसलेल्या, केसांतून पाणी गळतंय, मांडीवर पिवळा कॅन, आणि समोर पाण्यात कुणीतरी काहीतरी गंमत केल्यामुळे त्या डोळे मिटून हसतायत.

ग्रंथपालबाईंनी फोटो पाहिला, दोन ओळी वाचल्या आणि तो हातात घेऊन सरळ त्या लांब भिंतीकडे गेल्या. प्रदर्शनाच्या फळ्यावर न लावता त्यांनी तो रबरी टोपीवालीच्या शेजारी टाचला. जरा मागे सरकून दोन्ही फोटो बघितले. "तुम्हाला माहीत आहे का," त्या म्हणाल्या, "ती अजून इथेच राहते."

मला तर ती बाई केव्हाच गेली असेल असं वाटलं होतं. दोन दिवसांनी त्या आल्या. ऐंशीच्या पुढच्या, उंचच उंच, हातात काठी, खांदे अजून रुंद. दातांतली फट तशीच. आक्कांच्या फोटोपुढे त्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. मग मला इतके प्रश्न विचारले की माझं इंग्रजी संपलं आणि लेकीला कामावरून फोनवर घ्यावं लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मला हिच्याशी बोलायचंय. आणि मला ती विहीर बघायची आहे."

वेळ जमवणं अवघड नव्हतं. तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेआठलाही ऊन असतं, आणि तेव्हा आपल्याकडे सकाळचे सहा. ग्रंथपालबाईंनी मोठ्या पडद्याची सोय केली. आम्ही चौघी पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. इकडे पुतण्या मोबाइल घेऊन विहिरीवर. आधी पाच मिनिटं नुसतं आभाळ आणि कडुनिंब दिसत होता आणि आवाज येत होता, "आई, इकडं बग. इकडं न्हाई, इकडं." मग आक्कांचा चेहरा आला, इतका जवळ की नुसतं कुंकूच दिसलं.

पहिलं वाक्य त्यांनी मला उद्देशून टाकलं. "तू तो फोटो कावून दिलास गं? केस तरी इंचरले असते."

लेकीने ते इंग्रजीत सांगितलं. त्या उंच बाईंनी आपल्या रबरी टोपीच्या फोटोकडे बोट दाखवलं. "तिला सांग, माझा फोटो बघ म्हणावं. मला तर त्यात केसच नाहीत."

आक्का एकदम मोकळ्या झाल्या. "ह्याच व्हय त्या पवणाऱ्या? कितवा नंबर आलता म्हणालीस?"

"चौथा," मी म्हणाले.

"चवथ्या नंबरलाबी फोटो लावत्यात?" आक्कांनी विचार केला. "मग गाव चांगलं हाय."

हे ऐकून त्या बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग दोघींचं जे सुरू झालं त्यात आम्ही बाकीच्या नुसत्या हमाल, ह्या तोंडचं त्या कानी नेणाऱ्या. विहीर किती खोल? सहा परस; लेकीने तिच्या वडिलांनी शिकवलेलं आठवून त्याचे फूट केले. पाणी गार असतं का? "बेस असतंय, यून बगा." शिकायला किती दिवस लागतात? "पोरीवर हाय. पाच ते पंदरा." आणि पडद्यातून माझ्याकडे बोट करून, "ह्या बाईला नऊ लागले."

त्या बाई जरा पुढे झुकल्या. "एक विचारायचंय. मी पण पुढे पुष्कळ मुलांना शिकवलं. भीती कशी घालवता तुम्ही?"

आक्का वळून विहिरीकडे बघायला लागल्या. मोबाइलमागून पुतण्याचा आवाज आला, "आई, आवाज गेला का?" आक्का म्हणाल्या, "न्हाई, इचार करायले." मग म्हणाल्या, "मी न्हाई घालवीत. असू द्यावं भ्या. भ्या असलं तर माणूस हातपाय हलिवतंय. मी नुसती जवळ ऱ्हाते."

लेकीने हे सांगितलं तेव्हा त्या बाईंनी मान हलवली, आणि खूप वेळ हलवत राहिल्या. "माझ्या शिक्षकांनी मला भीती घालवायला लावली होती," त्या म्हणाल्या. "म्हणून कदाचित चौथी आले."

मग त्यांनी विनंती केली, पोहून दाखवाल का? आक्का नुसत्या त्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी पुतण्याला लांब जायला सांगितलं, पदर खोचला, काष्टा आवळला आणि वरच्या, मोटेच्या बैलांच्या जुन्या धावेवरून, पासष्टीच्या पुढच्या वयात, गुडघे छातीशी घेऊन मुटका मारला. पाणी कडुनिंबापर्यंत उडालं असावं, कारण पडद्यावर सगळं पांढरं झालं. वाचनालयात बसलेली चार-पाच माणसं पुस्तकं ठेवून उभी राहिली होती. पाणी ओसरलं तेव्हा आक्का मधोमध तरंगत होत्या, हात पसरून, आभाळाकडे तोंड करून.

ग्रंथपालबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या उंच बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या खुर्चीत बसल्या बसल्या नकळत हात फिरवत होत्या, एक मग दुसरा.

महिना संपला, प्रदर्शनाचे फोटो उतरले. आक्कांचा उतरवायला ग्रंथपालबाई गेल्या तेव्हा त्या बाईंनी काठी आडवी धरली. "मी जिवंत आहे तोवर ती माझ्या शेजारून हलणार नाही," म्हणाल्या. तसा तो फोटो अजून तिथेच आहे. खाली छापून लावलंय : पोहण्याच्या शिक्षिका. आणि त्याखाली आमच्या गावाचं नाव, स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं.

मी परत आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचलेली होती. गावात दोन तट होते. एक म्हणायचा, अमेरिकेनं आक्कांचा पुतळा उभारला. दुसरा म्हणायचा, पुतळा नाही, नुसता रस्ता त्यांच्या नावाचा केला. सरपंच घरी आले. नात्याने आक्कांचे चुलतदीर लागतात. म्हणाले, "वहिनी, ग्रामपंचायतीच्या वतीनं सत्कार करायचा हाय. शाल, श्रीफळ, समदं."

"शाल घिऊन उनाळ्यात काय करू, भाऊजी?" आक्का म्हणाल्या. "त्यापरीस हिरीच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा करा. पोरी घसरत्यात."

सरपंचांनी हो म्हटलं. मग चहा पिता पिता जरा घुटमळून मला विचारलं, "वहिनी, तिथं अजून एखाद्या फोटोला जागा हाय का? म्हंजे, सहज."

मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाल्या, "तुमाला पवायला येतंय का?"

सरपंचांना पोहायला येत नव्हतं. ते इतके मनापासून हसले की बशीतला चहा सांडला. कठडा मात्र पंधरा दिवसांत झाला, हिरव्या रंगाचा, आणि त्यावर त्यांनी आपलं नाव टाकलं नाही ह्याबद्दल मी त्यांना आतून मानते.

निघताना त्या उंच बाईंनी माझ्याजवळ आक्कांसाठी एक छोटी डबी दिली होती. आत पोहायचा चष्मा होता, निळ्या काचांचा, मागे रबरी पट्टा. आक्कांनी तो आधी डोळ्यांना लावून ओसरीवरून कोंबड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यानं काय व्हतंय? कोंबड्या निळ्या दिसत्यात." संध्याकाळी आम्ही दोघी विहिरीवर गेलो. पाच-सहा पोरी आधीच पाण्यात होत्या. आक्कांनी चष्मा चढवला, दम घेतला आणि खाली गेल्या.

त्या पुष्कळ वेळ वर आल्या नाहीत. पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मग डोकं वर आलं. आक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिलेला नव्हता. चाळीस वर्षं त्या ह्या पाण्यात उतरत होत्या, पण डोळे मिटून.

"अगं," त्या म्हणाल्या, "आपली हीर आतून लई सुंदर हाय गं."

मग चष्मा एकेकीला मिळाला. आक्का पायरीवर बसून नंबर लावून देत होत्या आणि कोणी जास्त वेळ घेतला तर ओरडत होत्या. माझा नंबर सातवा. मी खाली गेले. उन्हाची तिरीप हिरव्या पाण्यात तिरकी उतरलेली, दगडांच्या सांध्यांतून उंबराची मुळं केसांसारखी हलतायत, बोटाएवढे मासे एकदम वळतात आणि एकदम चमकतात. वर बघितलं तर पोरींचे पाय दिसले, सगळे एकसारखे, सावकाश हलणारे. मी दम संपेपर्यंत बघत राहिले, आणि वर आल्यावर पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले.